बायस जुळवला!

आजची सगळी दुपार अ‍ॅम्प्लिफायरपाशी गेली. फार छान वाटतंय.

मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत या यंत्राची देखभाल टाळून चालतच नाही. व्हॉल्यूम फिरवताना खरखर, मध्येच डावा चॅनल गायब. लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या कॉन्टॅक्ट क्लीनरने व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टर) स्वच्छ केला आणि खरखर गेली. डावा चॅनलही परतला.

मग बायस. क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरमध्ये (यात आवाजाच्या लहरीचा वरचा आणि खालचा भाग वेगवेगळे ट्रान्झिस्टर सांभाळतात) गाणं सुरू नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून थोडा करंट वाहता ठेवावा लागतो, तोच बायस. तो कमी पडला, तर लहरीचा वरचा आणि खालचा भाग जिथे जुळतात, तिथे आवाज विकृत होतो. हळू आवाजात ते जास्त बोचतं. आणि आपल्याकडे चाळीत काय, फ्लॅटमध्ये काय, रात्री हळूच तर ऐकायचं असतं! जास्त झाला, तर हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) नको तितका तापतो. अर्धा तास गरम होऊ द्यायचं, आउटपुट ट्रान्झिस्टरला जोडलेल्या एमिटर रेझिस्टरवर मिलिव्होल्ट मोजायचे (०.२२ ओहमवर १० मिलिव्होल्ट म्हणजे साधारण ४५ मिलिअँपिअर), ट्रिमपॉट (बायस कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू) केसभर फिरवायचा, थांबायचं, पुन्हा मोजायचं. आकडा मात्र आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्यायचा.

आता तानपुऱ्याचा झंकार शेवटपर्यंत मोकळा ऐकू येतो.

कुणी करणार असाल तर कळकळीने सांगतो, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. सवय नसेल तर झाकण उघडू नका, जाणकाराला बोलवा.