आमची वाटचाल : एक कारखाना, दोन फर्म

सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा लोखंडी कपाटांचा कारखाना आहे. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, 1974 साली भाड्याच्या शेडमध्ये तो सुरू केला, तेव्हा कपाट बनवण्यापेक्षा पत्रा मिळवणं अवघड होतं. भाव आणि वाटप दोन्ही सरकारी. लघुउद्योग म्हणून नोंदणी झाली की कोटा मंजूर व्हायचा, पण डेपोला गाडी लावल्यावर 20 गेजच्या जागी 18 गेज पुढ्यात यायचा. घ्यायचा, नाहीतर पाळी गेली. त्या जाड पत्र्याची कपाटं उचलताना हमाल शिव्या घालायचे आणि गिऱ्हाईक खूश व्हायचं. त्यातली काही सांगलीतल्या घरांतून अजून उभी आहेत. जानेवारी 1992 मध्ये पोलादावरचं नियंत्रण उठलं आणि पत्रा बाजारात सरळ मिळू लागला.

1991 ला परवानाराज संपलं, असं सगळे सांगतात. आमच्यासारख्यांना मात्र 1951 च्या कायद्याखालचा औद्योगिक परवाना कधी लागलाच नव्हता. आमचं बरंवाईट ठरवलं ते राखीव यादीने. 1967 पासून काही वस्तू फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या असा नियम होता. पुढे ही यादी आठशेच्या वर गेली आणि लोखंडी कपाट तीत होतं. मोठ्या कंपन्यांना जुनी क्षमता राखता यायची, वाढवता यायची नाही. सुरुवातीची वीसेक वर्षं आमचा माल खपला, त्यात या यादीचा वाटा मोठा होता. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण ‘लघु’ राहायचं तर यंत्रांतली गुंतवणूक मर्यादेच्या आत हवी. ही मर्यादा 1980 ला 20 लाख होती, 1985 ला 35 लाख, 1991 ला 60 लाख. 1997 ला ती एकदम 3 कोटी केली आणि दोनच वर्षांत परत 1 कोटीवर आणली. या खेळात मोठा प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवायचं यंत्र, घ्यायचा की नाही, हे ऑर्डरी बघून कमी आणि सीएला विचारून जास्त ठरायचं.

मर्यादा ओलांडू नये म्हणून शेवटी धाकट्या काकांच्या नावाने दुसरी फर्म काढली. शेडच्या मधोमध विटांची भिंत घातली. दोन वीजमीटर, दोन मस्टर, दोन पाट्या. शिअरिंग आणि बेंडिंग, म्हणजे पत्रा कापणं आणि वाकवणं, आमच्याकडे, वेल्डिंग आणि रंग काकांकडे. वाकवलेला पत्रा भिंतीतल्या झरोक्यातून पलीकडे जायचा आणि त्यासोबत जॉबवर्कचं चलन. एक्साइजची, म्हणजे उत्पादन शुल्काची, सूटही उलाढालीवर होती, शेवटी ती दीड कोटींपर्यंत गेली. त्यामुळे एक्साइजचा माणूस आला की पहिला प्रश्न क्लबिंगचा, म्हणजे दोन्ही फर्मची उलाढाल एकत्र धरण्याचा : दोन्हींचा मालक एकच का? काका स्वतःच्या टेबलावर बसून उत्तर द्यायचे.

पावडर कोटिंग, म्हणजे भुकटीचा रंग भट्टीत भाजून बसवणं, सुरू केलं तेव्हा वेगळंच प्रकरण उभं राहिलं. रंगाआधी पत्रा सात टाक्यांतून जातो : तेल काढणं, आम्लाने गंज काढणं, रंग धरावा म्हणून फॉस्फेटचा थर देणं, मधेमधे धुणं. या रासायनिक प्रक्रियेमुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आम्ही लाल वर्गात गेलो, म्हणजे साखर कारखान्याच्या पंगतीत. सांडपाण्यासाठी शुद्धीकरण संयंत्र आलं. खर्च जिवावर आला, पण टाक्यांतलं ते पाणी ओढ्यात सोडायचं नव्हतंच. हा एक नियम मला कधी जाचक वाटला नाही.

राखीव यादीचा मात्र राग आला तो 2001 नंतर. आयातीवरचे संख्यात्मक निर्बंध, म्हणजे किती माल आणायचा यावरची बंधनं, त्या एप्रिलमध्ये उठले. म्हणजे परदेशातला मोठा कारखाना कपाट बनवून इथे विकू शकत होता, देशातला मोठा बनवू शकत नव्हता, आणि आम्ही मोठे होऊ शकत नव्हतो. उरलेल्या 20 वस्तू एप्रिल 2015 मध्ये यादीतून काढल्या, त्यांत लोखंडी कपाट आणि रोलिंग शटरही होतं. तोवर आमच्या गिऱ्हाइकांची मुलं पार्टिकल बोर्डाचं वॉर्डरोब घेऊ लागली होती. 2017 ला जीएसटी आला, एक्साइज गेलं, आणि दोन फर्म ठेवण्याचं कारणच उरलं नाही. भिंत पाडली. त्या जागेवर आता संगणकावर चालणारा सीएनसी प्रेस ब्रेक आहे.

सध्या टेबलावर आहे तो गुणवत्ता नियंत्रण आदेश, म्हणजे माल ठरलेल्या भारतीय मानकाला उतरलाच पाहिजे असा सरकारी हुकूम. फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने तो फर्निचरसाठी काढला. कपाटांना आयएस 17634 हे मानक आहे. दारं, फळ्या, कपाट कलंडतं का, हे सगळं तपासायचं. आमचं कपाट त्यात पास होईल, याची मला काळजी नाही. काळजी आहे ती मॉडेल्सची. गिऱ्हाईक मापं देतं तशी आम्ही कपाटं बनवतो, कुणाला आरसा हवा, कुणाला लॉकर डावीकडे. यातल्या कुठल्या कपाटाची चाचणी करून घ्यायची, हे सल्लागाराला विचारलंय. तो म्हणाला, आधी कॅटलॉग करा.