ससून डॉक अपडेट: दोन्ही टाळ्या जुळतात, मधले ओठ पळतात

कुलाब्याच्या ससून डॉकवर, म्हणजे मासळीच्या बंदरावर, आमच्या पोरांची विद्यार्थी फिल्म चाललीय. परवानगीचं घोडं एकदाचं गंगेत न्हालं, पहाटेचं शूटही झालं. आता सिंकने, म्हणजे चित्र आणि आवाजाचा मेळ बसवण्याने, वात आणलाय, त्यामुळे आजचं अपडेट जवळपास त्याच्यावरच.

सेटअप असा. कोळंबी सोलणाऱ्या मावशींची मुलाखत, ए-कॅम (मुख्य कॅमेरा) त्यांच्या हातांवर, चेहरा फक्त पोरांच्या मोबाईलवर. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झला. चित्र आणि आवाज जुळवायची खूण म्हणून पोरांनी सुरुवातीला टाळी दिली, शेवटालाही दिली. एडिटच्या टाइमलाइनवर दोन्ही टाळ्या फ्रेमला फ्रेम बसतात आणि मध्ये मात्र शब्द येण्याआधीच मावशींचे ओठ हलून मोकळे!

नेहमीचे संशयित आधी बाद केले. सेकंदाला २३.९७६ फ्रेम आणि २४ फ्रेम यांची गल्लत असेल तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक पडतो, पण तो वाढत जातो आणि शेवटी सगळ्यात जास्त दिसतो. रेकॉर्डरचं घड्याळ मागेपुढे असेल तरी तेच. असला ड्रिफ्ट, म्हणजे हळूहळू वाढणारा फरक, क्लिप जराशी ताणली की सुटतो. इथे शेवटच बरोबर, मग ताणायचं काय?

धागा सापडला तो एडिट करणाऱ्या पोरीला. "दादा, व्हीएलसी प्लेअरमध्ये हीच फाइल नीट चालते. टाइमलाइनवर टाकली की मोबाईलचा स्वतःचा आवाजसुद्धा पळतो." म्हणजे रेकॉर्डर निर्दोष. फाइलची कुंडली दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये ती उघडली आणि समोर आलं: फ्रेम रेट मोड, व्हेरिएबल. म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, हे मधेच बदलतं.

पोरांनी मधेच दोनदा कॅमेरा काळोखातल्या बोटींकडे फिरवला होता. उजेड कमी झाला की मोबाईल गुपचूप सेकंदाला ३० फ्रेमवरून २४वर उतरतो. पाच सेकंद जरी उतरला तरी ३० फ्रेम कमी पडतात, म्हणजे थेट एका सेकंदाचा घोळ. एडिटिंग सॉफ्टवेअर सगळ्या फ्रेम सरासरी वेगाने सारख्या वाटून टाकतं. म्हणून दोन्ही टोकं जुळतात आणि बोंब सगळी मध्ये. टाळी शेवटी द्या असं आपण सगळेच शिकवतो; मोबाईल असेल तर मधेही द्यायला हवी.

उपाय फुकटातला. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' (एकच ठरलेला वेग) निवडून फाइल परत काढली. जिथे फ्रेम नाही तिथे ते आधीचीच फ्रेम पुन्हा लावतं, त्यामुळे काळोखात कॅमेरा फिरतो तिथे चित्र किंचित अडखळतं, पण ओठ जागेवर. मावशींच्या "आवरा पोरांनो, बर्फ वितळतोय" मधला 'ब' ओठ मिटताना बरोबर पडला तेव्हा खोलीत अक्षरशः शिट्ट्या वाजल्या.

बाकी थोडक्यात. बोरा बाजारातून घेतलेली स्वस्त डेड कॅट (माइकवरचं केसाळ कव्हर) डॉकवरच्या वाऱ्याला पुरून उरली. ब्रँडेडच्या नादी लागू नका. केबल मात्र लॅमिंग्टन रोडवर हातात घेऊन, पिळून बघूनच घ्या. साउंडवाल्या पोराने न सांगता डॉकचा निव्वळ आवाज मिनिटभर रेकॉर्ड केला, बर्फ फोडणाऱ्या यंत्रासकट. त्याला माझ्याकडून वडापाव. आणि '१८७५ साली बांधलेला ससून डॉक...' ही पडद्यावरची पाटी मी उडवली. डॉकवरच्या विद्यार्थी फिल्मला तीच पाटी का लागते, देव जाणे.

प्लॅन असा होता की पुढच्या आठवड्यात (डोंबिवलीचं लग्न उरकलं की) मावशींचा चेहरा ए-कॅमवर पुन्हा घ्यायचा. पण हे लिहिताना वाटतंय, चेहरा हवाच कशाला? ए-कॅमवर हात आहेत, डोकं मोडून साल ओढणारा अंगठा आहे, नखांत अडकलेली तांबूस सालं आहेत. त्यावर नुसता आवाज चालवला तर सिंकचा प्रश्नच मिटतो, आणि मावशींना परत कामातून उठवावं लागत नाही. चेहरा एकदाच, बर्फाच्या वाक्याला. पोरं कुरकुरतील, कारण सिंक सोडवायला जागले तेच. तरी उद्या दोन्ही कट शेजारी शेजारी लावून दाखवतो.

पुढच्या शूटला मोबाईलवर ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप: सेकंदाला २५ फ्रेम लॉक, शटर १/५० सेकंद, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटही लुकलुकणार नाहीत. कमी उजेडात हे लॉक स्वस्तातल्या अँड्रॉइडवर खरंच टिकतं का, कुणी तपासलं असेल तर मीडियाइन्फोचा स्क्रीनशॉट टाका.