मामा तलावातून पहिल्या ट्रायथलॉनकडे: आमच्या चौघांची संक्रांतीपर्यंतची नोंद

साकोली आणि लाखनीच्या मधल्या पट्ट्यात आमचं गाव. जिम नाही, पोहण्याचा टँक नाही, कोच तर नाहीच. पण गावाला लागून मोठा मामा तलाव आहे. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी धानाला पाणी मिळावं म्हणून बांधलेले असे तलाव भंडारा-गोंदियात गावोगावी आहेत. आमची सगळी तयारी या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चालते.

ध्येय स्प्रिंट अंतराचं आहे: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं, आणि तेही एकापाठोपाठ एक, न थांबता. २००० च्या सिडनी ऑलिम्पिकपासून जी ट्रायथलॉन खेळली जाते, तिचं अंतर बरोबर याच्या दुप्पट. नव्या माणसानं स्प्रिंटपासूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. आयर्नमॅनचे, म्हणजे कितीतरी लांब अंतराच्या ट्रायथलॉनचे, व्हिडिओ बघून थेट तिकडं धावणारे बरेच भेटतात, त्यांना माझं हेच सांगणं असतं.

आम्ही चौघं आहोत. मी डाक वाटतो, चार गावांच्या फेऱ्या सायकलनं करतो, म्हणून सायकल माझ्याकडे. एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करतो. भरतीत १६०० मीटर धावायचं असतं, त्यामुळे धावणं त्याच्याकडे. शाळेतल्या मॅडम नागपूरला असताना पोहायला शिकल्या, तेही तिशी उलटल्यावर. आणि काका. काका ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाचे, आयुष्य या तलावात गेलेलं, पन्नाशी पार केलेली. ज्याला जे येतं ते त्यानं बाकीच्यांना शिकवायचं, एवढंच आमचं ठरलेलं आहे.

पावसाळा सरताना: पाणी

सगळ्यात जास्त वेळ इथं गेला, म्हणून सगळ्यात जास्त इथंच लिहितो.

मला वाटलं होतं की पोहणं काका शिकवतील. त्यांच्याइतकं पाणी कुणाला कळतं? पण पाण्यात उतरल्यावर वेगळंच निघालं. मी विचारलं, "काका, श्वास कसा घेता?" ते म्हणाले, "मले का मालूम जी, पाण्यात गेलो का येते." त्यात खोटं काही नव्हतं. चालता यायच्या वयात ते पोहायला लागले असतील. शिकल्याची आठवणच नाही, तर सांगणार काय?

मॅडमना मात्र सगळं आठवत होतं. नाकात पाणी गेल्यावर काय होतं, छातीत धडधड कधी सुरू होते, कुठल्या क्षणी हात भिंत शोधायला लागतो. त्यांनी मला आणि पोराला गुडघाभर पाण्यात बसवलं आणि एकच गोष्ट करून घेतली: तोंड पाण्यात, नाका-तोंडातून बुडबुडे, सावकाश, सगळा श्वास बाहेर. मग मान वळवून आत. श्वास रोखून धरला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि जीव गुदमरतो तो त्यामुळे. हवा कमी पडली असं वाटतं, पण खरं म्हणजे आतली हवा बाहेर गेलेली नसते. हे कळलं त्या सकाळपासून माझं पोहणं पुढं सरकलं. नव्याला काल-परवा शिकलेला माणूस जवळचा, हे मी आता कुणालाही ठासून सांगेन.

पण काकांशिवाय आमचं तलावात पाऊलसुद्धा पडलं नसतं. टँकमध्ये पोहता येणारी मॅडमसुद्धा पहिल्यांदा मध्यावर गेल्या तेव्हा थबकल्या. खाली तळ दिसत नाही, पाय टेकत नाहीत, पाणी मातकट. काका डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, बसून बाजूनं येत होते. "काऊन घाबरून रायल्या जी? पाठीवर पडून राहा. पाणी कुठी जात नाही." मॅडम पाठीवर पडल्या, आभाळाकडं बघत वीस-तीस श्वास घेतले आणि पुन्हा वळून निघाल्या. तेव्हापासून प्रत्येकानं प्रत्येक पोहण्यात एकदा तरी मध्यावर मुद्दाम थांबून पाठीवर तरंगायचं, हा आमचा नियम झाला. घाबरल्यावर काय करायचं हे घाबरण्याआधी अंगात मुरलेलं हवं.

काकांचे बाकीचे नियम, जसेच्या तसे: एकट्यानं कधी नाही, डोंगा पाण्यात असल्याशिवाय नाही. तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडायच्या मोरीजवळ, अजिबात नाही; पाणी चालू असेल तर तिथली ओढ वरून दिसत नाही. जाळी कुठं लावली आहेत हे आदल्या संध्याकाळी मच्छीमार संस्थेत विचारायचं, कारण बारीक धाग्याचं जाळं पाण्यात दिसतच नाही. कमळाच्या वेलांत पाय अडकला तर झटके द्यायचे नाहीत, सावकाश मागं सरकायचं. जोराचा पाऊस झाला की पाणी निवळेपर्यंत उतरायचं नाही, आणि पायाला जखम असेल तर तोवर काठावर बसायचं.

अंतर मोजायला शेत मोजायची टेप वापरली. पाळीला समांतर, १२५ मीटरच्या अंतरावर, तेलाचे दोन रिकामे पिवळे डबे दगड बांधून सोडले. जाऊन-येऊन तीन फेऱ्या झाल्या की ७५० मीटर. मनगटी घड्याळावर पोहण्यात फार भरवसा ठेवू नका. जीपीएसचा सिग्नल पाण्याखाली पोचत नाही, हात वर आला की तेवढ्यापुरता मिळतो, त्यामुळे आकडा कमी-जास्त येतो. टेप खरी.

आणि सरळ पोहणं ही वेगळी विद्या आहे. टँकमध्ये तळाला रेघ असते, तलावात काही नसतं. पोरगा सुरुवातीला दर वेळी उजवीकडं वळत वळत थेट काठाच्या गवतात जायचा. आता आठ-दहा हात मारले की डोळे तेवढे पाण्याबाहेर काढून समोर बघायचं, डबा दिसला तर डबा, नाहीतर पलीकडच्या मंदिराचा कळस. डोकं पूर्ण वर काढलं की कंबर खाली जाते आणि दमछाक होते, म्हणून मगरीसारखे फक्त डोळे वर.

मॅडमच्या कपड्यांचा प्रश्न इथल्या आणखी कुणाला पडला असेल म्हणून लिहितो. पूर्ण बाह्यांचा अंगाला बसणारा पोहण्याचा टी-शर्ट आणि घोट्यापर्यंतची टाइट्स. सलवार-कुर्ता पाण्यात जड होतो, पायात गुंततो, तो घालून खोल पाण्यात जाऊ नये. घाटावर धुणं धुणाऱ्या बायांनी पहिल्या दिवसांत बरंच बघितलं. आता त्यातल्या दोघींच्या मुली शनिवारी गुडघाभर पाण्यात मॅडमकडून बुडबुडे शिकतात. या वर्षाच्या तयारीतली ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

कापणीचे दिवस

नोव्हेंबरात नोंद जवळजवळ कोरी आहे. धान उभं असताना सरावाच्या गप्पा कुणी करू नयेत. दिवसभर वाकून कापणी, मग भारे, मग मळणी. हे काम सरावात मोजता येत नाही आणि त्यावर सराव चढवणंही बरोबर नाही. पोरानं एक-दोनदा कापणीनंतर संध्याकाळी जोरात धावायचा हट्ट केला, तर पोटऱ्या धरल्या. तेव्हापासून कापणी संपेपर्यंत फक्त हलकं पोहायचं ठरलं. वाकून आखडलेली पाठ पाण्यात मोकळी होते, हा अनुभव चौघांचाही आहे.

सायकल

इथं शिकवायचं काम माझं. पहिली गोष्ट सीटची उंची. गावात जवळजवळ प्रत्येकाची सीट खाली असते, आणि गुडघे दुखतात ते बरेचदा त्यामुळे. पेडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर ठेवली तर पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. काकांची सीट अशी वर केली आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदा "हलकी चालून रायली" असं आलं.

तिघांकडे साध्या, बिनगिअरच्या सायकली आहेत. स्प्रिंटसाठी तेवढं पुरतं. ब्रेक चांगले हवेत, हँडलच्या टोकांना बूच हवं आणि हेल्मेट हवं. हेल्मेटचा पट्टा सायकलला हात लावायच्या आधी बांधायचा आणि सायकल परत जागेवर ठेवल्यावरच सोडायचा, हा स्पर्धेचा नियम आहे. आम्ही तो गावातसुद्धा पाळतो, म्हणजे त्या दिवशी आठवायची गरज पडणार नाही. हौशी स्पर्धांत बहुतेक ठिकाणी पुढच्याच्या मागं चिकटून चालवायलाही मनाई असते, म्हणून अंतर ठेवून चालवायची सवय आतापासूनच.

महामार्गावर जायचं नाही, ट्रक फार. आतल्या रस्त्यांवर मात्र हिवाळ्यात वेगळी काळजी: अर्ध्या रस्त्यावर धान वाळत टाकलेलं, बिनदिव्याच्या ट्रॉल्या, आणि कडेला गोखरूचे काटे. दोघांत मिळून एक जादा ट्यूब, पंप, पॅच आणि सोल्यूशन असलंच पाहिजे. चौघांनाही पंक्चर स्वतः काढता येतं. मॅडम आता माझ्यापेक्षा लवकर टायर उतरवतात.

आणि शहरातल्या मित्रांनो, तुम्ही पहाटे चार-साडेचारला निघता तसं आम्हाला जमत नाही. नागझिऱ्याचं जंगल फार लांब नाही. बिबट्या, अस्वल, रानडुक्कर, काहीही आडवं येऊ शकतं. नीट उजाडल्याशिवाय जंगलाच्या बाजूचा रस्ता धरायचा नाही, आणि एकट्यानं तर नाहीच.

विदर्भात लांब सायकलिंगची चर्चा वाढली त्यात नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचा मोठा वाटा आहे. २०१७ मध्ये त्यांनी रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका सायकलनं ओलांडायची शर्यत, एकट्यानं पूर्ण केली. आमचे २० किलोमीटर त्यापुढं काहीच नाहीत, पण आपल्या भागातला माणूस तिथं पोचला हे पोराला रोज बळ देतं.

डिसेंबर: जोडून

सायकलवरून उतरून लगेच धावायचं, याला ब्रिक म्हणतात. भरतीचा पोरगा हसत उतरला होता. १२ किलोमीटर सायकल मारून त्यानं धाव घेतली आणि दोनशे मीटरवर थांबून मांड्या चाचपायला लागला. पाय आपले वाटतच नाहीत. गोल फिरवायची सवय लागलेल्या पायांना धावण्याची लय सापडायला वेळ लागतो. उपाय त्यानंच शोधला आणि आम्हाला दिला: पहिला किलोमीटर पावलं आखूड, भराभर, वेग बघायचाच नाही. सायकलच्या शेवटच्या काही मिनिटांत जोर कमी करून पाय हलके फिरवले तर आणखी सोपं जातं. धावताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, नाहीतर वेग कमी करायचा. आठवड्यातलं बहुतेक धावणं आम्ही याच वेगात करतो.

बदलाचा, म्हणजे पाण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडं जायचा, सराव पाळीवर, बारदाना अंथरून. पायाचा चिखल धुवायला घमेल्यात पाणी, पुसायला पंचा, हेल्मेट उलटं आणि पट्टे उघडे, बूट तोंड उघडून. बुटांना नाडीऐवजी शिंप्याकडचं गोल इलॅस्टिक ओवलं आहे, पाय सरळ आत जातो. या एका युक्तीनं मॅडमचा बराच वेळ वाचला.

थंडीत सकाळी पारा १० अंशांच्या खाली जातो. तेव्हा एकदम उडी नाही. आधी तोंडावर, मानेवर पाणी मारायचं, छातीपर्यंत उतरून उभं राहायचं, श्वास ताळ्यावर आला की मगच डोकं पाण्यात. गार पाण्यात पहिल्या मिनिटात श्वास आपोआप जोरात ओढला जातो, त्या वेळी तोंड पाण्याबाहेर असलं पाहिजे. हल्ली आम्ही ऊन चढल्यावरच उतरतो.

खाण्यापिण्याचं थोडक्यात: आदल्या रात्री नेहमीचा वरण-भात, नवीन काही नाही. बाटलीत घरची जलसंजीवनी: एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. सराव संपल्यावर उकडलेले सिंगाडे, तलावाचेच.

आता

काकांचं धावणं हे या महिन्याचं मुख्य काम. पाण्यात ते आम्हा तिघांना मागं टाकतात, पण रस्त्यावर धावायला लाजायचे. "लोक का म्हनतीन?" पोरानं त्यांना तलावाच्या पाळीवरच धावायला घेतलं, जिथं ते लहानपणापासून चालत आलेत. आधी आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून घेतला. चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकानं हे करूनच सुरुवात करावी. दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल. आता काका असं साडेतीन किलोमीटर जातात, आणि पोरगा स्वतःचा वेग सोडून पूर्ण वेळ त्यांच्या बाजूनं असतो. त्याच्या भरतीच्या सरावाचं नुकसान होईल असं मी म्हणालो, तर म्हणाला, हळू धावायला काकांमुळंच शिकलो.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पूर्ण स्प्रिंट गावातच करून बघायचं आहे. दोघं पाण्यात असताना दोघं डोंग्यात, मग अदलाबदल. सायकलला आतला रस्ता, दहा किलोमीटरवर वळण. धावणं पाळीवर, पाणी द्यायला मॅडमच्या शाळेतली पोरं. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन तापायला लागतं आणि उन्हाळी धानाला पाणी सोडलं की तलाव उतरतो, त्यामुळे जे करायचं ते त्याआधी.

एक मदत हवी आहे. काकांचे पंजे फार रुंद आहेत, जन्मभर अनवाणी किंवा चपलेत काढलेले. दुकानात मिळालेले दोन्ही जोड करंगळीला चावतात, एक नंबर मोठा घेतला तर टाच निसटते. रुंद पंजाला बसणारे, खिशाला परवडणारे धावण्याचे बूट कुणी वापरले असतील तर कंपनी आणि नंबर दोन्ही कळवा. रविवारच्या आत मिळाले तर काका त्यातच धावतील, नाहीतर सध्याच्या बुटांची करंगळीजवळची बाजू कापायची असं ठरलं आहे.