पांडवलेणीचा चढ आणि धाप

नाशिकच्या पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना लागणारी धाप म्हणजे अशक्तपणा, असे अनेकांना वाटते. निरोगी माणसात ती अवयवांच्या समन्वयाची खूण असते. विश्रांतीच्या वेळी हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त ढकलते. चढ सुरू होताच हे प्रमाण कितीतरी वाढते, पचनसंस्थेकडे जाणारे रक्त कमी होऊन ते पायांच्या स्नायूंकडे वळते, आणि पोटऱ्यांचे स्नायू आकुंचन पावताना शिरांमधील रक्त हृदयाकडे वर रेटतात. पोटऱ्यांचे हे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. श्वासाचा वेग ठरवताना मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेंदूचा सर्वांत खालचा भाग, ऑक्सिजनपेक्षा रक्तातील कार्बन डायऑक्साइडवर अधिक बारीक लक्ष ठेवते. मात्र छातीत दुखत असेल किंवा थांबल्यावरही धाप ओसरत नसेल, तर तातडीने डॉक्टरांकडे जावे.