तुम्ही विचारलंत म्हणून: कमलादेवी सिनेमात का गेल्या?

मी हौशी लोकांसाठी नाटकाचं वर्कशॉप घेते आणि दरवेळी स्वातंत्र्यसैनिक कमलादेवी चट्टोपाध्यायांचं नाव काढते, त्यामुळे हा प्रश्न ठरलेलाच. "गांधीजींबरोबरची एवढी मोठी बाई, मग ती सिनेमात कशाला गेली?" विचारताना लोकांचा आवाज जरा खाली येतो, मला प्रश्नापेक्षा तेच जास्त खटकतं. (आणि नाही हो, नेहरूंची बायको ती वेगळी कमला.)

माझं उत्तर असं की तिच्या दृष्टीने मोर्चा, निवडणूक आणि स्टेज यात फारसा फरकच नव्हता, बाईने चारचौघांत उभं राहायचं नाही हा नियम तिन्हीकडे सारखाच होता आणि तो तिला मोडायचा होता.

हे आलं कुठून तर घरातून. १९०३ चा जन्म, मंगळूरचं सारस्वत घर, वडील मोठे सरकारी अधिकारी पण मृत्युपत्र न करता गेले, झालं, सगळी इस्टेट सावत्र मुलाकडे आणि बायकोला महिन्याचे ठरावीक पैसे. आई गिरिजाबाईंनी ते पैसे सरळ नाकारले आणि स्वतःच्या स्त्रीधनावर मुली वाढवल्या. रमाबाई रानड्यांसारख्या बायका या घराच्या ओळखीतल्या. तरी कमलाचं लग्न चौदाव्या वर्षी लागलंच आणि दोनेक वर्षांत ती विधवा झाली. पुढे मद्रासला कॉलेजात गेली आणि सरोजिनी नायडूंचे धाकटे भाऊ हरींद्रनाथ यांच्याशी लग्न केलं. विधवेचं दुसरं लग्न, तेही जातीबाहेर, त्या काळात! हरींद्रनाथ म्हणजे 'बावर्ची' सिनेमातले ते आजोबा, बघितलं असेल तर आठवतील. दोघं मिळून नाटकं करायचे. इकडे आपल्याकडे त्याच वर्षांत बालगंधर्व शालू नेसून नायिका करत होते आणि प्रेक्षक खूश होते, बालगंधर्व ग्रेटच, प्रश्नच नाही, पण चांगल्या घरातली बाई स्टेजवर चालत नव्हती हेही खरंच ना.

१९२६ ला ती मद्रास कायदेमंडळाच्या निवडणुकीला उभी राहिली. उभी राहणारी पहिलीच बाई, थोडक्यात पडली. मग १९३०. दांडीला गांधीजींनी बायका घेतल्या नव्हत्या, हिने जाऊन त्यांच्याशी वाद घातला, आणि मुंबईत मीठ तयार करणाऱ्या पहिल्या तुकडीत दोन बायका होत्या, एक कमलादेवी आणि दुसऱ्या आपल्या अवंतिकाबाई गोखले (यांच्याबद्दल कुणीच विचारत नाही, विचारा कधीतरी). तेवढ्यावर ती थांबली नाही, मिठाच्या पुड्या घेऊन थेट शेअर बाजारात विकायला घुसली. माझ्या वर्कशॉपमध्ये लोक वीस जणांसमोर दोन वाक्यं बोलताना घाम पुसतात म्हणून मी हे मुद्दाम सांगते, तिथे समोर सगळा पुरुषांचा गलका आणि मागे पोलीस. तुरुंगात गेली त्यात.

आणि याच सुमाराचा तो सिनेमा, शूद्रकाच्या 'मृच्छकटिक'वरचा मूकपट. म्हणजे आधी नटी होती मग सुधारली असं काही नाहीये, सगळं एकदमच चाललेलं.

पुढचं बरंचसं माहीत असतं, फाळणीनंतर फरिदाबादला निर्वासितांची वसाहत उभी करायला मदत, हस्तकला मंडळाचं अध्यक्षपद, गेटवेजवळ आपल्याकडेही ज्याची शाखा आहे ते हस्तकलेच्या वस्तूंचं सरकारी दुकान कॉटेज एम्पोरियम, मॅगसेसे, पद्मविभूषण. पण नाटक तिने सोडलं नाही हे मात्र गाळलं जातं. तिने काढलेल्या भारतीय नाट्य संघाने दिल्लीत एक नाट्यप्रशिक्षण संस्था सुरू केली आणि तीच पुढे एनएसडीत, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात, विलीन झाली. एनएसडीला जायचंय म्हणून माझ्याकडे मुलं येतात त्यांना हे माहीत नसतं, रोहिणी हट्टंगडी तिथे शिकल्या एवढं माहीत असतं.

तिचं आत्मचरित्र वाचा, 'इनर रिसेसेस आउटर स्पेसेस', १९८६ चं, इंग्रजीत आहे. हरींद्रनाथांपासून तिने घटस्फोट घेतला, तोही काळाच्या मानाने केवढी मोठी गोष्ट, पण संसाराबद्दल ती पुस्तकात फार थोडं बोलते आणि लगेच कामाकडे वळते. मला ते आवडलं. गॉसिप हवं असेल तर मात्र दुसरं काहीतरी बघा.