तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या नंबरचा रनिंग बॅक घ्यावा का?

गणपती जवळ आले की इकडे डॅलसच्या आसपासच्या मराठी घरांतून दोन तऱ्हेचे फोन सुरू होतात. एक, मोदकांचा साचा कुणाकडे आहे. दुसरा माझ्या वाट्याचा: "अगं, तो बेंचवरचा रनिंग बॅक यंदा घेऊ का? खेळवतील का त्याला?" रनिंग बॅक म्हणजे चेंडू घेऊन पळणारा खेळाडू, आणि विचारणं असतं ते फँटसी फुटबॉलच्या संघासाठी. त्या लीगचा ड्राफ्ट, म्हणजे खेळाडूंची निवड, याच दिवसांत असतो. प्रत्येकाला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. फँटसी फुटबॉल हा अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेवर चालणारा खेळ. दहा-बारा जण मिळून लीग करतात, हंगामाआधी पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि मग डिसेंबर संपेपर्यंत दर आठवड्याला एकमेकांशी भिडतात. आपल्या खेळाडूने पळून दहा यार्ड काढले की एक गुण, टचडाउनचे, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेल्याचे, सहा, आणि बऱ्याच लीगमध्ये झेललेल्या प्रत्येक पासचा एक किंवा अर्धा. ड्रीम इलेव्हनमध्ये विराट तुमच्याही संघात असायचा आणि माझ्याही. इथे ते नाही. कुणी एकाने उचलला की तो बाकीच्यांना बंद. एनएफएलचे संघ 32, बहुतेकांचा मुख्य रनिंग बॅक एकच. बारा जणांना दोन-दोन लागतात, म्हणजे चोवीस तिथेच संपले. वर दुखापती, शिवाय प्रत्येक संघाला एक आठवडा सुट्टी. त्यामुळे दुसऱ्या नंबरवाल्याला भाव येतो.

आता प्रश्न. विचारणारे बहुतेक जण पुढे लगेच जोडतात, "पण पळतो काय भारी!" पळतो, कबूल. एनएफएलपर्यंत पोचलेला रनिंग बॅक पळणारच. मी त्याचे पाय बघतच नाही. प्रशिक्षक त्याला कुठल्या प्लेला, म्हणजे खेळातल्या कुठल्या चालीला, मैदानावर ठेवतात आणि कुठल्या प्लेला बाजूला बसवतात, तेवढं बघते.

आमच्या गावचंच उदाहरण घ्या. टोनी पोलार्ड 2019 मध्ये एनएफएलच्या स्वतःच्या ड्राफ्टमधून, चौथ्या फेरीत, डॅलसच्या काउबॉइज संघाकडे आला. त्याच्यापुढे इझिकिएल एलियट, इथल्या सगळ्यांचा झीक. 2016 आणि 2018 अशी दोन वर्षं अख्ख्या एनएफएलमध्ये धावून सर्वाधिक यार्ड काढलेला माणूस, आणि 2019 मध्येच सहा वर्षांचा, नऊ कोटी डॉलरचा करार झालेला. एवढे पैसे ओतलेल्या खेळाडूला कुणी सहजासहजी खाली बसवत नाही. पोलार्ड यायचा, दोन-चार झगझगीत धावा काढायचा (धाव म्हणजे इथे चेंडू घेऊन एकदा पळणं, क्रिकेटची नव्हे) आणि परत बाहेर.

डिसेंबर 2020 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनायनर्सविरुद्ध झीक पोटरीच्या दुखापतीने खेळला नाही. पोलार्डने धावून 69 यार्ड काढले, सहा पास झेलून 63, आणि दोन टचडाउन, त्यातला एक सामन्याच्या अखेरीस चाळीस यार्ड पळून. झेललेल्या पासला पूर्ण गुण देणाऱ्या लीगमध्ये हे 31.2 गुण होतात. आणि तो आठवडा बहुतेक लीगच्या उपांत्य फेरीचा! त्या रात्रीपासून डॅलसमध्ये प्रत्येक जण प्रशिक्षक झाला: पोलार्डला खेळवा, झीकला बसवा.

तसं झालं नाही, आणि त्याचं कारण टीव्हीवर सहसा कुणी दाखवत नाही. तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न आहे, आठ यार्ड हवेत. पास फेकणारा क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरकतो, शेजारी रनिंग बॅक. समोरून लाइनमधल्या फटीतून त्यांचा एक बचावपटू, लाइनबॅकर, सुसाट सुटतो, सव्वादोनशे पौंडांचा गडी. रनिंग बॅकने क्षणात ओळखायचं की हा आपला, पाऊल पुढे टाकून त्याच्या वाटेत उभं राहायचं आणि स्वतःहून त्याच्यावर आदळायचं. यार्ड शून्य, गुण शून्य. पण हे चुकलं तर कोट्यवधी डॉलरचा क्वार्टरबॅक जमिनीवर. झीक या कामात वाकबगार होता, अंगानेही पोलार्डपेक्षा भारी. म्हणून तो मैदानावर राहायचा.

2022 चे आकडे बघा. पोलार्डने 193 वेळा चेंडू घेऊन 1,007 यार्ड काढले, झीकने 231 वेळा घेऊन 876. यार्डांत पोलार्ड पुढे. पण धावून काढलेले टचडाउन पोलार्डचे 9 आणि झीकचे 12. शेवटची दोन यार्ड उरली की चेंडू झीकच्या हातात, हे ठरलेलं. तरीही त्या वर्षी पोलार्ड घेणाऱ्याची दिवाळी झाली, कारण झीक तंदुरुस्त असतानाही त्याचा स्वतःचा वाटा पक्का होता आणि झीक बसला तेव्हा तर चंगळच: बेअर्सविरुद्ध 14 धावा, 131 यार्ड, तीन टचडाउन.

मला वाटतं, राखीव खेळाडूंमधला खरा फरक इथे आहे. काहींचं तिकीट आरएसीचं असतं, काहींचं वेटिंगचं. आरएसीवाला गाडीत चढलेला असतो, अर्धा का होईना बर्थ त्याचा. वेटिंगवाल्याने चार्ट लागेपर्यंत फलाटावर उभं राहायचं. ड्राफ्टच्या मधल्या फेऱ्यांत मी फक्त आरएसीवाले घेते. आठवड्याला आठ-दहा वेळा चेंडू हातात येतो, एखाद-दोन पास झेलतो, असा माणूस अडीअडचणीला मैदानात उतरवता तरी येतो.

आणि बढती मिळाली म्हणजे सोनं झालं असंही नाही. 2023 मध्ये काउबॉइजने झीकला सोडलं, पोलार्ड पहिल्या नंबरवर आला, लोकांनी ड्राफ्टमध्ये त्याच्यावर अगदी सुरुवातीची निवड खर्च केली. चेंडू 252 वेळा मिळाला. यार्ड किती? 1,005. आदल्या वर्षीपेक्षा 59 धावा जास्त आणि यार्ड दोन कमी! जानेवारीत त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, हे खरं. पण ताज्या दमाने आठवड्याला दहा-बारा वेळा पळणं वेगळं आणि दमलेल्या पायांनी सतराव्या धावेला तेच करणं वेगळं. मिनेसोटाच्या अलेक्झांडर मॅटिसनचं तर त्याहून वाईट. चार वर्षं डाल्विन कुकच्या मागे उभा होता आणि ज्याच्याकडे कुक, तो मॅटिसनही घेणारच, असा शिरस्ता होता. 2023 मध्ये कुक गेला, गादी मॅटिसनची. 180 धावा, 700 यार्ड, धावून टचडाउन एकही नाही. हंगाम संपेपर्यंत टाय चँडलर त्याच्या पुढे निघून गेला.

मग कळणार कसं? यार्डांचा तक्ता बाजूला ठेवा आणि कोण किती प्ले मैदानावर होता ते बघा. त्याला इकडे स्नॅप काउंट म्हणतात, फुकट मिळतो. 2023 च्या पहिल्या आठवड्यात रॅम्सकडून कॅम एकर्सला 22 वेळा चेंडू मिळाला आणि यार्ड निघाले 29. कायरन विल्यम्सला चेंडू कमी वेळा मिळाला, पण मैदानावर जास्त वेळ तोच होता. ज्यांनी हे पाहिलं त्यांनी त्याच आठवड्यात त्याला उचललं. दुसऱ्या आठवड्यात एकर्सला संघातच घेतलं नाही, नंतर लगोलग मिनेसोटाला पाठवून दिलं. विल्यम्सने 12 सामन्यांत 1,144 यार्ड काढले.

हंगामाआधीच्या सराव सामन्यांतही मी हेच बघते. चौथ्या क्वार्टरमध्ये नवख्यांविरुद्ध शंभर यार्ड काढणाऱ्यावर माझा विश्वास नाही. उलट ज्याला प्रशिक्षकांनी मुख्य खेळाडूंबरोबर राखून ठेवलं, खेळवलंच नाही, त्याच्याविषयी त्यांचं मत बनलेलं असतं.

वेटिंगवाले घ्यायचेच नाहीत का? घ्या, पण शेवटच्या फेऱ्यांत. 9 सप्टेंबर 2024, सोमवारची रात्र. बहुतेक लीगमध्ये पहिला उचलला गेलेला फोर्टीनायनर्सचा ख्रिश्चन मॅकॅफ्री सामन्याच्या तोंडावर दुखापतीमुळे बाहेर बसला आणि जेट्सविरुद्ध संघाने त्याच्या जागी जॉर्डन मेसनला 28 वेळा चेंडू दिला. 147 यार्ड, एक टचडाउन. एनएफएलच्या ड्राफ्टमध्ये कुणीही न निवडलेला पोरगा! मॅकॅफ्री परतला तसा मेसन मागे गेला. 1 डिसेंबरला बफेलोच्या बर्फात दोघेही एकाच सामन्यात जायबंदी झाले, दोघांचाही हंगाम तिथेच संपला आणि चेंडू तिसऱ्याकडे, आयझॅक ग्वेरेंडोकडे गेला.

(कुणाचा तरी गुडघा दुखावला की आपल्याला आत कुठेतरी बरं वाटतं, हे या खेळातलं ओशाळवाणं सत्य आहे. सासूबाई भारतातून आल्या होत्या तेव्हा त्यांनी विचारलं, "अगं, तो बिचारा लंगडतोय आणि तू लगेच फोन काय बघतेस?" मला उत्तर सुचलं नाही. फोन मात्र बघितला.)

एका बाबतीत माझं बाकीच्यांशी पटत नाही. सगळे सांगतात, आपल्या मोठ्या खेळाडूचा राखीव आपणच घ्या, विमा म्हणून. मी दुसऱ्यांच्या मोठ्या खेळाडूंचे राखीव घेते. माझा मोठा खेळाडू पडला आणि त्याचा राखीव माझ्याकडे असला, तर मी जेमतेम होते तिथेच राहते. समोरच्याचा पडला आणि राखीव माझ्याकडे असला, तर माझा संघ शाबूत आणि वर एक खेळाडू जास्त. बेंचवर जागा पाच-सहाच असतात, त्यातली एक विम्यावर घालवायला मन होत नाही. सोळा जणांची लीग असेल, जिथे मोकळे खेळाडू उरतच नाहीत, तिथे मात्र घ्या विमा.

आणि एक. तुमच्या लीगच्या नियमात बसत असेल तर ड्राफ्टमध्ये किकर, म्हणजे लाथेने चेंडू मारून गुण काढणारा, घेऊच नका. ती शेवटची निवड अशा वेटिंगवाल्यावर लावा. ड्राफ्ट आणि पहिला सामना यांच्या मध्ये आठवडा-दोन आठवडे असतात, त्यात सरावात कुणी ना कुणी दुखावतोच. तुमचा चार्ट लागला तर ठीक, नाही तर पहिल्या गुरुवारी सामना सुरू व्हायच्या आत त्याला सोडा आणि किकर घ्या. किकर तेव्हाही ढिगाने पडलेले असतात.