तुम्ही विचारलंत म्हणून: "आमचीबी तसलीच करून देता का?"

बेदाण्याच्या हंगामात आमच्या शेडवर आलेला माणूस आधी चार मणी तोंडात टाकतो आणि मग त्या गाडीभोवती एक फेरी मारतो. महिंद्रा एफसी-150, चपट्या तोंडाची बुटकी पिकअप. पाहुणा बॉनेट शोधतो, ते सापडत नाही. इंजिन दोन सीटच्या मधे, झाकणाखाली. झाकण उघडलं की आत बोलेरो पिकअपचं डिझेल आणि पाच गिअर. खाली वाकलं की मागचं हौसिंगही, म्हणजे मागच्या एक्सलचं लोखंडी घर, नव्या गाडीचं. मग प्रश्न ठरलेला: "दादा, आमच्याकडंबी एक जुनी हाय. तसलीच करून देता का?"

मी उलट एकच विचारतो. मूळ इंजिन आहे का गाडीत?

आमच्या गाडीत नव्हतं. जीपवाल्या विलीज कंपनीने अमेरिकेत 1956 च्या अखेरीस काढलेलं हे मॉडेल महिंद्राने इथे 1965 पासून बांधलं. आत 2.2 लिटरचं हरिकेन पेट्रोल इंजिन, इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्ये, असला तऱ्हेवाईक कारभार. आजोबांनी हळदीची पोती मार्केट यार्डात टाकायला ती जुनीच घेतली. वडिलांच्या काळात पेट्रोल परवडेना, तेव्हा ते इंजिन उतरवून कुठल्याशा ट्रॅक्टरचं डिझेल बसवलं. गावोगाव हेच चाललेलं. हरिकेन किलोवर भंगारात गेलं. पुढे गाडी सांगलीवाडीला आत्याच्या गोठ्यात उभी केली ती उभीच राहिली, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा गोठ्यात आली. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. गाडीचा फक्त टप दिसत होता म्हणे.

पूर ओसरल्यावर मी आणि मिस्त्रींनी मागच्या हौसिंगचा ड्रेन नट खोलला. आधी पाणी आलं. मग नासलेल्या दुधासारखं तेल. मग धार थांबली. भोकात तार घातली तर तारेला काळा, मऊ, नदीचा गाळ. आत बेअरिंगच्या रोलरवर देवीच्या वणासारखे खड्डे. मिस्त्रींनी हात पुसले आणि म्हणाले, "इंजिनाचं नंतर बघू. आधी हिला चाकं द्या."

माझं सगळं उत्तर या वाक्यात आहे. विचारणारे इंजिनाबद्दल विचारतात. इंजिन बसवणं सोपं असतं, चार फाउंडेशन, म्हणजे इंजिन टेकवायचे आधार, आणि थोडी काटछाट. गाडी अडते ती खाली, एक्सलपाशी.

जुन्या जीपच्या घराण्यात ट्रान्सफर केसचं, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्याचं, तोंड उजव्या अंगाला असतं, म्हणून पुढचं-मागचं दोन्ही डिफरन्शियल (एक्सलवरचा गिअरचा गोळा) मध्यावर नसून उजवीकडे सरकलेलं. नवा गिअरबॉक्स मधोमध तोंड काढतो. त्याला जुनं हौसिंग जोडायचं तर गिअरबॉक्सपासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा, प्रॉपेलर शाफ्ट, तिरका जाणार, तोही एवढ्याशा गाडीत. पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यात अंतर जेमतेम 81 इंच. शिवाय जुन्या डिफरन्शियलच्या मोठ्या चक्राला, क्राउनला, 43 दात आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला 8, म्हणजे 5.38 चा रेशो. चाक एकदा फिरायला प्रॉपेलर सव्वापाच वेळा आणि वर थोडं. टॉप गिअरमध्ये ताशी 80 ला इंजिन तीन हजारांच्या घरात ओरडतं. त्या काळी चढ चढणं महत्त्वाचं होतं, वेग कुणाला हवा होता? पण डिझेलला तेवढं पळवणं म्हणजे म्हशीला शर्यतीत जुंपणं. म्हणून अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं धड घेतलं: इंजिन, गिअरबॉक्स, मागचं हौसिंग, पुढचा पाट्यांच्या स्प्रिंगवरचा बीम (पुढच्या चाकांचा आडवा दांडा), डिस्क ब्रेकसकट. चाकाला तेच पाच नट, साडेपाच इंची वर्तुळावर. जुनी रिम नव्या हबवर गपकन बसली तेव्हा मिस्त्री पहिल्यांदा हसले. बोलेरो त्याच घराण्यातली ना!

ब्रेकची एक गोष्ट सांगतो, कारण ती भलेभले विसरतात. पेडल हलकं करणाऱ्या ब्रेकच्या बूस्टरला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो थ्रॉटलमागे आपोआप तयार होतो, डिझेलमध्ये होत नाही. म्हणून अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्यूम पंप असतो आणि त्याला इंजिनातून ऑइलची बारीक नळी जाते. धड घेताना अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा, बिनपंपाचा पदरात पडला, की इंजिन सुरू होतं, दिवे लागतात, आणि पायाखाली पेडल दगड.

आता माझी चूक. हौसिंगवर पाट्याचे पॅड वेल्ड करायचे होते. इंजिन अजून लाकडी ठोकळ्यांवर, गाडीवर ना केबिन ना हौदा. मिस्त्री गावाला गेलेले. नुसतं टॅकिंग (ठिपक्यांपुरतं वेल्डिंग) करून थांबायचं सोडून मी पॅड पक्के मारले. पुढे इंजिन फाउंडेशनवर बसलं ते शेपटीकडे थोडं झुकून. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन वर-खाली असले तर चालतं, पण ते समांतर लागतात. माझे नव्हते. शेडच्या रस्त्यावर तिशी ओलांडली की पाठीमागून घरघर, आरशात द्राक्षाची वेल डबल दिसायची. पॅड ग्राइंडरने कापले, परत मारले. हौसिंगची दोनदा तापलेली नळी वाकली आणि आठवड्यात ऑइल सीलमधून तेल टपकायला लागलं. दुसरं हौसिंग आणावं लागलं. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त वेल्डिंगचा होल्डर माझ्या हातातून घेतला.

पुढचा बीम त्यांनी बसवला. स्टीअरिंग वळवून सोडलं तर परत सरळ येईना. पाटा आणि बीमच्या मधे मिरजेच्या लेथवर उतरती कापलेली लोखंडी पाचर घातली, बीम किंचित मागे कलला, तेव्हा कुठे चाकं आपणहून सरळ यायला लागली.

आणि गमावलं ते: फोर-व्हील. मूळ गाडी चारही चाकांवर ओढायची, माझी फक्त मागच्या दोनवर. जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर काळ्या रानात ती दरसाल एकदा तरी पोटावर बसते आणि ट्रॅक्टर बोलवावा लागतो. भावकीला त्यात फार आनंद होतो.

पासिंगचं विचाराल तर ही गाडी मळ्याच्या बाहेर जात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये तेच ठणकावलं. द्राक्षाचे क्रेट बागेतून शेडपर्यंत आणायचे, एवढंच तिचं काम. उलट 50 वर्षांवरची, खासगी वापराची गाडी मूळ रूपात असेल, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसेल, तर 2021 च्या नियमाने तिला व्हिंटेज गाड्यांच्या 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये आणि मुदत दहा वर्षं. तो दरवाजा आमच्या घरात वडिलांनीच, डिझेलच्या भावापायी, बंद केला. त्यांना दोष देत नाही, पोती वेळेवर पोचत होती.

गेल्या फेब्रुवारीत विट्याकडचे एक काका आले, ट्रेलरवर आपली एफसी घेऊन. तोच प्रश्न. झाकण उचललं तर आत हरिकेन, धुळीने माखलेलं पण जागच्या जागी. मिस्त्रींनी प्लग काढून पुसले, बाटलीतून पेट्रोल दिलं, आणि हँडलच्या सहाव्या झटक्याला ते खोकलं, मग चालायला लागलं. काकांचं तोंड मात्र उतरलं.

"म्हणजे डिझेल टाकून देणार न्हाई?"

"न्हाई काका. ब्रेकच्या नळ्या बदलून देतो. त्या कुजल्यात."